शालिग्रामभाऊंचा कोरा कागद

जळगावच्या नवी पेठेतल्या माझ्या छापखान्यात लोक लग्नपत्रिका छापायला येत, खतांच्या जाहिराती छापायला येत, निवडणुकीत पडलेले उमेदवार मतदारांचे आभार छापायलासुद्धा येत. शालिग्राम फिरके मात्र काहीही न छापायला येत. पिशवीतून फडक्यात गुंडाळलेली एक हिरवट निळी नळी काढायची, माझ्या लेझर प्रिंटरचं काट्रिज उघडून त्यात ती बसवायची, संगणकावर एक रिकामं पान घ्यायचं आणि ते छापायला सोडायचं. प्रिंटर घरघरे, गरम कागद बाहेर येई, आणि भाऊ तो कोरा कागद खिडकीपाशी धरून एखाद्याची पत्रिका बघावी तसा बघत बसत.

"काय म्हणतंय?" मी विचारी.

"ठिपके आहेत."

"खूप?"

"आहेत."

एवढं बोलून ते नळी काढत, पुन्हा फडक्यात गुंडाळत आणि सायकलला पिशवी अडकवून एमआयडीसीकडे निघत. चहा विचारला तर घेत. नाही विचारला तर नाही घेत. दोन्हींत त्यांच्या चेहऱ्याला काही फरक पडत नसे.

ही गोष्ट त्र्याण्णव-चौऱ्याण्णव सालची. जळगावात तेव्हा लेझर प्रिंटर बोटांवर मोजण्याइतके होते आणि त्यातला एक आपल्याकडे आहे म्हणून मी रस्त्याने जरा छाती काढून चालायचो. त्या प्रिंटरचा जीव असतो त्या नळीत. तिला ड्रम म्हणतात. ती परदेशातून यायची, आणि संपली की आमचा धंदा पंधरा-पंधरा दिवस सुतकात असायचा. असा ड्रम जपानी शास्त्रज्ञांचा एक लेख वाचून जळगावात करायचा, हा शालिग्रामभाऊंचा उद्योग.

भाऊ मूळचे भालोदचे. घरी केळी. बाकीचे भाऊबंद केळीच्या घडाचं वजन नुसतं डोळ्यांनी सांगत, आणि हे घडाकडे बघून म्हणत, "सालीवरचा मेणाचा थर बघा किती सारखा आहे." तेव्हाच वडिलांनी ओळखलं, की हा शेतीच्या कामाचा नाही, याला शिकवलेलं बरं. रसायनशास्त्रात एमएस्सी झाले, धुळ्याला एका रंगाच्या कारखान्यात बरीच वर्षं काढली, आणि मग मोतीलालशेठनी त्यांना जळगावला आणलं. मोतीलालशेठचा कारखाना प्लास्टिकच्या पाईपांचा. पण पाईप सगळेच करतात, आपण काहीतरी निराळं करावं, अशी त्यांना एकदा हुक्की आली आणि कारखान्याच्या मागच्या कोपऱ्यातली एक खोली त्यांनी भाऊंना दिली. या व्यवहारात शेठना काय समजलं होतं हे त्यांच्याच तोंडून ऐकलेलं बरं. "मी पाईपवाला माणूस. पाईपात पाणी घातलं आणि गळलं नाही, की मला माल कळला. यांची नळी दोन्हीकडून उघडी, आणि आत काहीच घालायचं नाही."

घालायचं असतं ते वरून. ॲल्युमिनियमच्या नळीवर तीन थर चढवायचे. नळी द्रवात बुडवायची आणि सावकाश, अजिबात न हलू देता वर ओढायची, की एक थर बसला. सगळ्यात खाली अस्तर. मध्ये उजेड पडला की जागा होणारा थर. वर विजेची ने-आण करणारा थर. तिन्ही मिळून केसापेक्षा पातळ. प्रिंटरच्या आतल्या अंधारात या ड्रमला विजेचा भार देतात. लेझर जिथे टेकतो तिथला भार निघून जातो आणि काळी पूड तिथेच चिकटते, ती अक्षरं. बाकी ठिकाणचा भार जिथल्या तिथे राहायला हवा, तरच कागद पांढरा राहतो. अस्तर कच्चं राहिलं, की खालच्या धातूतून वीज मध्येच कुठेतरी वर झिरपते. ड्रमला वाटतं इथे उजेड पडला, आणि कागदावर काळा ठिपका. थोडक्यात, खालचं वर येऊ न देणं हे अस्तराचं काम. हे सगळं भाऊंनी मला माझ्याच एका लग्नपत्रिकेच्या पाठीवर चित्र काढून समजावलं होतं आणि नवरदेवाच्या काकांचं नाव त्यात पार झाकलं गेलं होतं.

इंग्रजीत असा ठिपका पडला तर तो डाग असतो. मराठीत तो अनुस्वार असतो. मला त्याची धास्ती का, हे एवढ्यावरून कळावं.

भाऊंना थरांचं वेडच होतं. जेवायला बसले की भातावर वरण कसं पसरतं ते बघत बसत. त्यांची बायको द्रौपदाबाई, बोलायला मोकळी आणि हसायला त्याहून मोकळी, ती ओट्यापासून ओरडायची, "अहो, जेवा. तो ड्रम नाहीये." दुधावरची साय तर तिने त्यांच्या समोर काढायचीच सोडली होती, कारण ते सायीची जाडी बघायला भांडं हातात घेत आणि चहा राहून जाई. मी त्यांच्याकडे गेलो की ती मला म्हणायची, "नाना, यांना तुमच्या मशीनमध्ये घाला एकदा, काहीतरी छापून येतं का बघू." भाऊ हसत. तेव्हा हसत असत.

श्रावणात त्यांचे पहिले चांगले ड्रम निघाले. माझ्या प्रिंटरमधून कोरा कागद कोराच बाहेर आला. मोतीलालशेठनी तो कागद घडी करून खिशात ठेवला आणि दिसेल त्याला दाखवला. लोक उलटून पालटून बघत आणि विचारत, "काय लिहिलंय?" धुळ्याचे रतिलाल, जे सुरत-इंदूरपर्यंत काट्रिजं भरून पुरवतात, तेही येऊन बघून गेले आणि म्हणाले, दिवाळीनंतर माल द्या.

कार्तिकात द्रौपदाबाई गेली. दुपारी डोकं दुखतं म्हणून ओट्याला टेकून बसली, ती उठलीच नाही. मुलगी चाळीसगावहून येईतो सगळं झालं होतं.

भाऊ रडले नाहीत. आम्ही वाट बघत होतो. दहाव्याला नाही, तेराव्याला नाही. पानात वाढलेलं खाल्लं, आलेल्यांना पाणी दिलं, आणि चौदाव्या दिवशी सकाळी सायकल काढून कारखान्यात गेले. तिथे नळ्या बुडवल्या, तीन थर चढवले, माझ्याकडे आले, कागद काढला. आणि तेव्हापासून ठिपके.

त्यांनी द्रव गाळून बघितला. नळ्या दोनदोनदा धुतल्या. खोलीच्या फटी बुजवल्या, वर जाळी लावली, आत यायचं तर चपला बाहेर आणि पाय धुतलेले, असा नियम केला. मोतीलालशेठसुद्धा स्वतःच्या कारखान्यात त्या दारापाशी अनवाणी उभे राहत. ठिपके हटेनात.

मग एमआयडीसीत जे सगळ्यांना वाटत होतं ते हळूहळू बोललं जाऊ लागलं. माणसाचा हात गेला. बायको गेली आणि हात गेला. डोळ्यांतून आलं नाही ते ड्रमवर येतंय. हे मीही म्हणत असे, आणि खरं सांगायचं तर त्यात आम्हाला थोडा दिलासाच होता. रडत नसलेल्या माणसापेक्षा ठिपके पडणारा माणूस समजायला सोपा.

भाऊंनाही ते पटलं असावं. एकदा माझ्याकडे चहाचा भरलेला कप उचलून त्यांनी डोळ्यांसमोर धरला. कप जराही हलत नव्हता. "हलत तर नाही," ते म्हणाले. "पण काहीतरी झालंय हाताला." आणि चहा पिऊन गेले.

चैत्र लागला तेव्हा मोतीलालशेठचा धीर संपला. माणूस वाईट नाही. बोलताना ते भाऊंकडे न बघता माझ्याकडे बघत होते. "आखाजीनंतर रतिलालभाई येणार आहेत. शेवटचं. कागदावर ठिपके दिसले तर त्या खोलीत मी पाईपांचे सांधे, एल्बो आणि टी ठेवणार. पाईपाचा सीझन आहे, माल उन्हात पडलाय. शालिग्रामभाऊंना पाईपात घेईन, पगार तोच."

"ठीक," भाऊ म्हणाले.

बाहेर आल्यावर मी म्हटलं, "पगार तोच म्हणतायत. पाईप तर पाईप."

"हो."

"मग?"

"पाईप खात्याला पाचला सुट्टी होते," भाऊ म्हणाले.

मला कळायला सायकलींपर्यंत चालावं लागलं. खोलीत ते आठपर्यंत थांबत. थर चढवताना घाई चालत नाही, कुणी हटकत नाही. पाचला सुटलेल्या माणसाला घरी जावं लागतं. घर कुलूपबंद, ओटा गार. ती खोली गेली असती तर नोकरी राहिली असती आणि रोजची संध्याकाळ अंगावर आली असती.

आता आखाजीचं सांगायला हवं. बाहेरगावचे लोक तिला अक्षय्यतृतीया म्हणतात आणि त्या दिवशी सोनं घेतात. आम्ही खानदेशी लोक त्या दिवशी गेलेल्या माणसाच्या नावाने मातीची घागर पाण्याने भरतो. वर छोटा लोटा, त्यावर खरबूज, बाजूला सांजोऱ्या. माणूस जाऊन वर्ष झालेलं नसेल तर चुकवताच येत नाही. त्या उन्हात ते तहानलेलं येतं, अशी समजूत. आणि आमचं ऊन असं, की मेलेल्याला तहान लागते हे कुणालाही पटावं.

त्या दिवशी मी पाईपांच्या माहितीपत्रकाची प्रूफं घेऊन कारखान्यात गेलो होतो. फाटकाशी रिक्षा थांबली आणि तिच्यातून भाऊंची थोरली बहीण झुंबरबाई उतरली. एका काखेत घागर, दुसऱ्या हातात पिशवी, पदर खोचलेला. भालोदहून एसटीने, पुढे रिक्षाने, मांडीवर घागर घेऊन.

"काबरं रे शालिग्राम," तिने अंगणातूनच सुरुवात केली, "घराले कुलूप लावून इथी बसला? आज आखाजी हाये."

"अक्का, आज नळ्या बुडवायच्या होत्या."

"नळ्या बुडव, नही तं तू बुड. घागर आजच भरा लागते. द्रौपदा येईन, दाराले कुलूप पाहीन, मंग काय तुही एमायडीशी धुंडत फिरीन?"

अक्काने कारखाना बघायला सुरुवात केली. अंगणात हमाल, पायात चपला. ऑफिसात मोतीलालशेठ, पायात बूट. कॅन्टीनकडे तिने नुसतं पाहिलं आणि तोंड फिरवलं. मग तिला कोपऱ्यातलं ते दार दिसलं. बाहेर चपला काढून ठेवलेल्या, शेजारी पाय धुवायची बादली.

"हे बरं केलं," ती म्हणाली. "एवढ्या कारखान्यात एक तरी सोवळ्याची खोली ठेवली."

तिने पाय धुतले आणि आत गेली. मी आणि भाऊंचा म्हातारा मदतनीस वना, दोघे भाऊंकडे बघत राहिलो. त्या खोलीत त्यांनी मालकाला विडी पिऊन आला म्हणून परत पाठवलं होतं. आत सकाळीच अस्तर चढवलेल्या नळ्या सुकायला टांगलेल्या. आता हे बोलतील, मग ती बोलेल, आणि मग आम्हाला प्रूफं घेऊन पळावं लागेल, असा माझा अंदाज.

भाऊ दारात उभे राहून एवढंच म्हणाले, "कोरडं कुंकू नको. पूड उडते."

अक्काने घागर पाण्याने भरली, बोट पाण्यात बुडवून कुंकवाची ओली बोटं घागरीला ओढली. घागरीखाली गहू पसरायचे होते, तिथे स्टीलची ताटली आली. सांजोऱ्या आत न्यायला भाऊंनी हाताने नाही म्हटलं.

"मंग ती खाईन काय? तुह्या नळ्या?"

"तूप उडतं."

"तूप उडतं म्हने," अक्का माझ्याकडे बघून म्हणाली. "जिती होती तवा तिले हेच ऐकाले मिये." सांजोऱ्या मग वनाला आणि मला मिळाल्या. भाऊंनी घागरीला हात जोडले, दार ओढून घेतलं आणि पुढच्या कामाला लागले. त्या हात जोडण्यात आणि नळी टांगण्यात मला काही फरक दिसला नाही.

त्याच नळ्यांवर पुढचे दोन थर चढले आणि भाऊ वनाला घेऊन माझ्याकडे आले. ड्रम बसवला, रिकामं पान घेतलं, सोडलं. कागद आला. भाऊ खिडकीपाशी गेले. बराच वेळ गेला. मी ब्लॉक तपासायचं भिंग दिलं. त्यांनी भिंगातून पाहिलं आणि कागद वनाकडे दिला.

"बठ्ठा ठिपका गयात, भाऊ," वना म्हणाला.

"दुसरा काढा," भाऊ म्हणाले.

दुसराही तसाच कोरा. तिसराही. मी म्हटलं, "वहिनी येऊन गेल्या, दुसरं काय." थट्टेत म्हटलं होतं, पण वनाने मान डोलावली, आणि संध्याकाळपर्यंत ती सगळ्या एमआयडीसीची बातमी झाली. मोतीलालशेठनी खोलीच्या दाराबाहेर नारळ ठेवला. मशीनवरचे कामगार जाता येता दाराला हात लावून कपाळाला लावू लागले. भाऊ यावर हो म्हणाले नाहीत, नाही म्हणाले नाहीत. पण घागर त्यांनी काढली नाही. रीत अशी, की सण झाला की घागर घरात घ्यायची आणि तिचं पाणी प्यायचं. भाऊ रोज सकाळी आल्यावर आधी ती घागर भरत आणि मग नळ्यांना हात लावत. पुढचे सगळे ड्रम स्वच्छ निघाले. अक्काचे दोन निरोप येऊन गेले, "घागर घरी ने. तिले किती दिस उभी ठेवतो?" भाऊंनी निरोप ऐकून घेतले.

रतिलाल धुळ्याहून आले ते थेट माझ्या छापखान्यात. मोतीलालशेठनी कोऱ्या कागदांचा गठ्ठा त्यांच्यापुढे ठेवला.

"शेठ, हे मशीनमधून निघालेत कशावरून?" रतिलाल म्हणाले. "रीम फोडून आणले नसतील कशावरून?"

समोर काढून दाखवले. रतिलालनी भिंग घेतलं, चष्म्यावर ठेवलं, चष्मा काढून ठेवला. "माल चांगला आहे. हिवाळ्यात नव्हता. काय बदललं?"

मोतीलालशेठ मोठ्या अभिमानाने त्यांना कारखान्यात घेऊन गेले आणि दार उघडून घागर दाखवली. मीही मागे होतोच. रतिलालनी चपला काढल्या, दारातूनच घागरीला नमस्कार केला, आणि मग व्यापाऱ्याच्या आवाजात म्हणाले, "शालिग्रामभाऊ, वाईट वाटून घेऊ नका. मी सुरतेला माल देणार. उद्या ही घागर फुटली तर मी गिऱ्हाइकाला काय सांगू? घागर काढून हाच माल करून दाखवा. तसाच निघाला तर मी घेतो, दर महिन्याला घेतो. नाही निघाला तर ही देवाची करणी, आणि तिचा व्यापार मला जमत नाही."

मोतीलालशेठनी भाऊंकडे पाहिलं. भाऊ म्हणाले, "ठीक."

रतिलाल गेल्यावर मी विचारलं, "होईल?"

"होईल," भाऊ म्हणाले. "हे अस्तर हवेतली ओल पिऊन पक्कं होतं. श्रावणात हवेत ओल होती. दिवाळीनंतर आपली हवा कोरडी झाली, ते कच्चं राहायला लागलं. घागर पाझरते, खोली बंद असते, ओल मिळाली."

"पण तुम्ही तर जपानी शास्त्रज्ञांचा लेख वाचून करत होता ना? त्यात हे नव्हतं?"

"त्यांच्याकडे हवेत पाणी असतंच. लिहायचं काय त्यात."

"आणि तुम्हाला हे कधी कळलं?"

"दुसरा कागद काढला तेव्हा."

"मग इतके दिवस घागर का ठेवली?"

भाऊंनी टांगलेली एक नळी जरा सरळ केली. ती सरळच होती. "करून बघायचं राहिलं होतं," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी अक्काला बोलावलं. तिने घागर काखेत घेतली, आतलं पाणी ओंजळीने भाऊंना पाजलं, उरलेलं दाराबाहेरच्या लिंबाला घातलं, आणि रिक्षात बसली. जाताना ती रडली, मोठ्याने, रस्त्यावरचे लोक थांबून बघण्याइतकी. भाऊ रिक्षाचा दांडा धरून उभे होते. रिक्षा निघाली तेव्हा त्यांनी दांडा सोडला.

घागरीच्या जागी स्टीलची परात आली. तिच्यात पाणी आणि काठावरून सोडलेलं धुतलेलं पांढरं कापड. त्या खोलीत नळ्यांना अस्तर चढलं, पुढचे थर चढले, आणि रतिलाल पुन्हा आले. माझ्या छापखान्यात त्या दिवशी दोन शेठ, एक वना आणि मी, एका यंत्राच्या तोंडाकडे बघत बसलो होतो, जसं मूल व्हायच्या खोलीबाहेर बसतात. भाऊंनी ड्रम बसवला. रिकामं पान घेतलं. सोडलं.

कागद आला तो रतिलालनीच उचलला. खिडकीपाशी नेला, भिंग लावलं, उलटा केला, पुन्हा सुलटा केला.

"काही नाही," ते म्हणाले. "स्वच्छ आहे. माल पाठवा."

मोतीलालशेठनी मांडीवर थाप मारली आणि वनाला पेढ्यांना पिटाळलं. मग भाऊंचे दोन्ही हात धरले. "खोली तुमची. हवं तर शेजारचीही घ्या. एल्बो मी माझ्या घरात ठेवीन."

भाऊंनी हात सोडवून घेतले आणि ते उलटेसुलटे करून बघितले. ॲसिटोनने तडकलेली कातडी, नखांत हिरवट निळं.

"म्हणजे हाताला काही झालंच नव्हतं," ते म्हणाले.

"नव्हतंच मुळी," मोतीलालशेठ म्हणाले. "आम्ही उगाच म्हणत होतो, वहिनी गेल्या म्हणून हात गेला. काहीच झालं नव्हतं तुम्हाला. चांगलंच झालं ना?"

"चांगलंच," भाऊ म्हणाले.

मी मोतीलालशेठना खूण केली, आता पुरे. पेढे आले. भाऊंनी पेढा खाल्ला, चहा घेतला, ड्रम काढून फडक्यात गुंडाळला. आठपर्यंत थांबायला आता त्यांना कुणाची हरकत नव्हती, आणि ते तिकडेच निघाले होते. दारात मी तो कागद पुढे केला. म्हटलं, "हा तरी ठेवा जवळ. एवढं राबलात याच्यासाठी."

भाऊंनी कागद बघितला.

"कोरा तर आहे," ते म्हणाले. "प्रूफाला वापरा."

मी तो ट्रेमध्ये ठेवला. थोड्या वेळाने त्याच्यावर चोपड्याच्या कुणाच्या तरी बारशाचं आमंत्रण निघालं. स्वच्छ निघालं.